मिनिटभर गप्प राहणारी तलवार

आमचे हे तलवारी करतात असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. बँकेतली बाई एकदा फॉर्म भरता भरता म्हणाली, "काकू, मिस्टरांचा व्यवसाय काय लिहू?" मी म्हटलं, "तलवारी." तिने पेन खाली ठेवलं आणि काचेपलीकडून माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग मला सगळं पुराण लावावं लागलं. बाई गं, या तलवारीने काकडीसुद्धा चिरत नाही. पात्याच्या जागी दुधी रंगाची प्लास्टिकची नळी असते, नळीत दिवे, आणि मुठीत बॅटरी, स्पीकर आणि बोटाएवढा एक साउंड बोर्ड. बटण दाबलं की पातं उजळतं, फिरवलं की हवा कापल्यासारखा आवाज येतो, दुसऱ्या तलवारीवर आपटलं की खणखणतं. हौशी माणसं मैदानात जोड्या लावून खेळतात, नाटकवाले नेतात, कुणी नुसत्या भिंतीवर टांगतात. सगळं ऐकून घेऊन तिने लिहिलं, 'विजेच्या वस्तूंची दुरुस्ती'. घरी येऊन सांगितलं तर हे दोन दिवस घुश्शात. "दुरुस्ती? मी दुरुस्ती करतो?"

तशी आयुष्याची चांगली पंचवीस वर्षं यांनी दुरुस्तीच केली होती. लिफ्टच्या कंपनीत होते. गच्चीवर लिफ्टची जी छोटी खोली असते, तिथे बसून पॅनेलच्या तारा जोडायच्या. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं दार बडवायची आणि हे वरून ओरडायचे, "दोन मिनिटं! तोवर गाणं म्हणा!" एकदा एक आजीबाई खरंच गायला लागल्या. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, तर म्हणतात, "थांबा हो, एक कडवं राहिलंय." ही गोष्ट यांनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितली आणि अजून दर पाहुण्याला सांगतात. मी आता त्या वेळी चहा करायला उठते.

तलवारींचा नाद लागला तो आमच्या लेकीमुळे. सहावीत असताना शाळेच्या नाटकात तिला राणीचं काम मिळालं आणि तिने हट्ट धरला, की माझी तलवार पेटली पाहिजे. यांनी झाडूचा दांडा, टॉर्चचे चार दिवे आणि एक जुनी दारावरची बेल एवढ्यावर तलवार करून दिली. प्रत्येक वाराला ती 'टिंगटाँग' वाजायची. राणीचे संवाद आज कुणालाही आठवत नाहीत, तलवार मात्र सगळ्या शाळेला आठवते. लेक आता स्वतः दोन पोरांची आई आहे, दूरच्या गावी असते, तरी त्यावरून अजून चिडते. पण तिच्या मैत्रिणीच्या भावाला तशीच हवी झाली, मग त्याच्या मित्राला, आणि लिफ्टची नोकरी सुटेपर्यंत आमची पुढची खोली कारखाना होऊन बसली होती.

ती खोली मला पाठ आहे. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर जळक्या डागांनी भरलेली फळी, भिंग लावलेला दिवा, सोल्डरिंगची गन, तिचं टोक पुसायला ओला स्पंज. भिंतीला ओळीने डबे, रंगीबेरंगी तारांचे. डबे हलवायचे नाहीत, झाडायचे नाहीत, त्यांच्याकडे फार वेळ बघायचंही नाही. दाराजवळच्या खुर्चीत मी. मी आधी शिवणकाम करायचे, त्यामुळे ओढ कुठे सारखी राखायची ते बोटांना ठाऊक आहे. म्हणून मुठीला कातडी दोरी गुंडाळायचं काम माझं. बाकी कशाला मी हात लावायचा नाही, हा करार.

पात्याचा उजेड काय, कुणीही पाडतं असं यांचं म्हणणं. यांचा खरा जीव मुठीतल्या बारीक दिव्यांवर. बटणाभोवती उजेडाचं एक कडं. मुठीच्या पोटात छोटी खिडकी, खिडकीत काचेचा खडा आणि खड्याखाली तांदळाच्या दाण्याएवढे दोन दिवे. तलवार बंद असली तरी तो खडा हळूहळू उजळतो आणि हळूहळू मावळतो, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा. त्या दिव्यांच्या तारा केसासारख्या असतात आणि तशा चौदा तारा, अंगठा जाणार नाही एवढ्या पोकळीतून, बॅटरीला बगल देऊन न्यायच्या असतात. नुसत्या या उद्योगात यांचे दोन-दोन दिवस जातात. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हा मिणमिणता दिवा कशाला? खेळताना कुणाला दिसतो?" हे म्हणाले, "खेळून झाल्यावर टेबलावर पडलेली असते, तेव्हाही ती तुमचीच असते ना?" त्या माणसाने पुढे आणखी तीन तलवारी करून घेतल्या.

आणि सगळं झालं की ती चाचणी. हे तिला 'गप्प चाचणी' म्हणतात. पेटलेली तलवार हातात घ्यायची, हात सरळ पुढे ताणायचा आणि मिनिटभर तसंच उभं राहायचं. आतल्या बोर्डाला हालचाल कळते. तलवार स्थिर असली की त्यातून नुसती संथ गुणगुण यायला हवी. मध्येच 'सुंईं' झालं, खरखर आली, तर बोर्ड नापास. बाकीचे कारागीर बोर्ड जरा बोथट ठेवतात, म्हणजे तक्रारच नको. हे हळवा ठेवतात. का, तर एखाद्याचं मनगट नाजूक असेल, त्याने नुसती तलवार वळवली तरी तिने साद दिली पाहिजे. चाचणीच्या वेळी हे मोठ्याने मोजतात, एक ते साठ. त्या साठ आकड्यांत घरात कुणी शिंकायचं नाही, आणि कुकरची शिट्टी झालीच तर ती माझ्या माहेरची चूक.

गेल्या वर्षी बोर्ड नापास व्हायला लागले.

आधी एक. असतो एखादा फुसका, म्हणून परत पाठवला. मग लागोपाठ दोन. मग बदलून आलेलाही नापास. बोर्ड विकणारा दुसऱ्या गावचा, तिशीतला माणूस, आम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही. पण दहा वर्षं फोनवर 'काका, काकू' करून घरचा झालेला. यांनी त्याला धारेवर धरलं. तो बिचारा "पाठवा काका, बदलून देतो" एवढंच म्हणायचा. यांनी सगळ्या तारा उसवल्या, पुन्हा जोडल्या. स्पीकर बदलला, बॅटरी बदलली, खडा हलतोय का म्हणून तो काढून पुन्हा बसवला. सगळं झाल्यावर उभे राहायचे, हात ताणायचे, मोजायला लागायचे, आणि दहाच्या आत तलवार कुरकुरायला लागायची. हे ती टेबलावर ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. अकरावा बोर्ड परत गेला त्या दिवशी फोनवर यांनी त्या माणसाला चोर म्हटलं. मी आतून ऐकलं. चोर हा शब्द मी यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, आमच्याकडे खरी चोरी झाली तेव्हाही.

तिकडे एका नाटकवाल्या मास्तरांची दोन तलवारींची जोडी अडकून पडली होती. मास्तर चांगले, घाई करत नव्हते. पण हे जेवताना म्हणाले, "ही जोडी कशीबशी दिली की बंद करतो. असला माल लावून नाव घालवायचं नाही मला."

"मग करणार काय?"

"काही नाही. बसेन."

छत्तीस वर्षं संसार केलाय मी या माणसाबरोबर. लिफ्टची नोकरी सुटली तेव्हा हे पंधरा दिवस रिकामे बसले होते, आणि त्या पंधरा दिवसांत मी दोनदा यांच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे ना ते बघितलं होतं. हा माणूस रिकामा बसला तर टिकायचा नाही. एवढं मला स्वच्छ कळत होतं, आणि करता काहीच येत नव्हतं.

मंगळवारची सकाळ होती. मास्तरांच्या जोडीतल्या पहिल्या तलवारीची चाचणी चालली होती. नऊपर्यंत आले आणि तिने 'सुंईं' केलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. "घे ही, धर," म्हणून यांनी पेटलेली तलवार माझ्या हातात कोंबली आणि तणतणत दार उघडायला गेले. माझ्या मांडीवर दोरीचा गुंता होता. गरम पातं त्याला लागेल म्हणून मी हात लांब करून तलवार धरली. पातं काही गरम नसतं, पण मला अजून ते पटत नाही.

दारात पार्सलवाला होता, सही, ओळखपत्र, बराच वेळ गेला. मी आपली बसले धरून. मग लक्षात आलं, की तलवार गप्प आहे. नुसती गुणगुण. मी गंमत म्हणून मोजायला लागले. साठ झाले, सत्तर झाले. खरखर नाही, काही नाही. हे परत आले, माझ्या हातातून तलवार घेतली, आणि ती लगेच कुरकुरली. "बघितलंस?" हे म्हणाले. "हा असा माल."

मी बघितलं. पण तलवारीकडे नाही, पहिल्यांदाच हाताकडे बघितलं. हात हलत होता. फार नाही. उकळत्या पातेल्यावरचं झाकण हलतं तेवढाच.

एकेक आठवायला लागलं. कित्येक महिने यांच्या बशीत चहा सांडलेला असायचा आणि मी म्हणायचे, "लहान आहात का?" पाण्याचा तांब्या हल्ली मलाच ओतायला सांगायचे, आणि मी म्हणायचे, "हातांना काय झालंय?" हे शब्द मी बोललेय, याच तोंडाने. शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवायची नवी तऱ्हा निघाली होती, त्यावर मी थट्टा केली होती. आणि यांना स्वतःला कळलं नाही, कारण सोल्डरिंग करताना कोपर आणि मनगट टेबलाला टेकलेलं असतं. टेकलेला हात अगदी दगडासारखा स्थिर. जोड पूर्वीइतकेच चकचकीत. हवेत धरला की मगच तो हलायचा, आणि हवेत धरायची वेळ यायची ती फक्त चाचणीला.

मी बोलायला कमी नाही. पलीकडच्या बाईला तिच्या सुनेसमोर खडे बोल सुनावलेत मी. पण त्या दिवशी मूग गिळून बसले. बुधवारही तसाच गेला. सांगावं तर हातच गेला म्हणून बसतील, न सांगावं तर बोर्ड वाईट म्हणून बसतील. दोन्हीकडून बसणंच.

गुरुवारी हे आंघोळीला गेले आणि मी करार मोडला. मुठीला वायर लावून कॉम्प्युटरला जोडायची, एक यादी उघडते, त्यात आकडे असतात, आकडा वाढवला की बोर्ड बोथट होतो. दहा वर्षं दाराजवळच्या खुर्चीतून बघितलेलं होतं. मी म्हटलं, थोडा बोथट करू, यांच्या हाताची थरथर त्याला कळायची नाही, चाचणी पास होईल, आणि कुणालाच काही सांगायला नको. दोनाच्या जागी वीस केले आणि बंद करून ठेवलं.

यांनी तलवार पेटवली, हात ताणला. एक ते साठ. गप्प. यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकले. मग यांनी सवयीने तलवार फिरवली. गप्प. जोरात फिरवली. टेबलाच्या कडेवर आपटली. तरी गप्प. मेल्यासारखी.

"हिला कुणी हात लावला होता?"

"मी."

"तू?" हे ओरडलेच नाहीत, ते जास्त वाईट. "का?"

मी दोरी बाजूला ठेवली. "कारण बोर्ड चांगला आहे. अकराच्या अकरा चांगले होते."

"म्हणजे काय?"

"हात पुढे करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

यांनी रिकामा हात पुढे केला. आम्ही दोघं बघत राहिलो. खिडकीतून उजेड येत होता, त्यामुळे बोटांची सावली टेबलावर पडली होती, आणि सावली तर आणखीच हलत होती.

"थंडी आहे," हे म्हणाले.

भर दुपार होती आणि पंखा पाचावर होता. यांनी हात खाली घेतला, टेबलावर टेकवला, तो स्थिर झाला. पुन्हा उचलला. पुन्हा टेकवला. असं तीन-चार वेळा केलं, एखाद्या तारेचा दोष शोधावा तसं. मग स्टुलावर बसले.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

मला वाटलं, आता म्हणतील संपलं सगळं. तर म्हणाले, "त्या पोराला मी चोर म्हणालो गं."

डॉक्टर नाही, लेक नाही, यांनी पहिला फोन लावला तो त्याला. "अरे," हे म्हणाले, "तुझे बोर्ड चांगले होते. माझा हात हलतो." इतकं सरळ. मला ते दोन दिवसांत जमलं नव्हतं.

तिकडून तो म्हणाला, "काका, बोर्ड चांगले होते ते मला माहीत होतं. इथे तपासायचो ना प्रत्येक वेळी. तुम्ही परत पाठवलेलेच तुम्हाला परत पाठवत होतो. तीनच बोर्ड फिरतायत."

"तीन? अकरा नाहीत?"

"तीन."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोर्ड कसा तपासायचा ते मला तुम्हीच शिकवलंत, काका. तुम्हाला कसं सांगू तुम्ही चुकताय म्हणून?"

यांना हसू फुटलं. एकाच बोर्डाला आपण चार-चार वेळा नापास केलं म्हणून खो-खो हसले, आणि हसता हसता डोळे पाण्याने भरले. मी फोन हातातून घेतला आणि त्याला म्हटलं, "बाळा, जेवलास का?"

डॉक्टरांनी यांना कागदावर गोल गोल गोगलगाय काढायला लावली आणि एका ग्लासातून दुसऱ्या ग्लासात पाणी ओतायला लावलं. पाणी अर्धं टेबलावर गेलं. हे माझ्याकडे चोरून बघत होते, मी रागावते की काय म्हणून, आणि ते मला सहन होईना. डॉक्टर म्हणाले, या वयात पुष्कळांना होतं, भिण्यासारखं नाही, गोळीने कमी होईल, पण जाणार नाही आणि वर्षागणिक थोडं वाढेल. यांनी एकच विचारलं. "टेकवून काम केलं तर?"

"टेकवून करा की. अजून बरीच वर्षं करा."

बरीच म्हणजे किती, ते यांनी विचारलं नाही, मीही नाही. घरी येऊन मी जाड कापडाची एक बुटकी उशी शिवली, आत वाळू भरली. तिच्यावर मनगट ठेवून हे काम करतात. त्या संध्याकाळी यांनी मी बिघडवलेला आकडा परत दोनावर आणला. मी म्हटलं, राहू द्या ना जरा बोथट, तुम्हाला सोपं जाईल. तर म्हणाले, "तलवार मास्तरांची आहे. माझ्या हातासाठी तिला बहिरी कशाला करू?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाचणी आता तू घ्यायची."

मास्तरांच्या जोडीतली पहिली माझ्या हातात पास झाली. मला उगीच परीक्षेला बसल्यासारखं वाटलं आणि पास झाल्यावर उगीच मिरवावंसंही वाटलं. मग दुसरी. मी खोलीच्या मध्ये उभी राहिले, हात ताणला. हे स्टुलावर बसून मोजायला लागले. एक, दोन, तीन. तलवार शहाण्यासारखी गुणगुणत होती. वीस झाले असतील. मी सहज यांच्याकडे पाहिलं. यांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि डाव्या हाताने तो धरला होता. रस्ता ओलांडताना लहान पोराचा हात धरतात ना, तसा. यांना स्वतःला ते ठाऊकही नव्हतं.

मला आवरेना. इतके दिवस कुठे अडवलं होतं कोण जाणे, सगळं एकदम आलं. खांदा हलला, मनगट हललं, आणि तलवारीने 'सुंईं' केलं. मग खरखर, मग पुन्हा 'सुंईं'.

"अहो, नापास होतेय," मी म्हटलं.

"सव्वीस. सत्तावीस. धर तू."

"वाजतेय ना पण."

"वाजू दे. अठ्ठावीस. मिनिट व्हायचंय अजून."

मी धरून राहिले. डोळ्यांपुढचं पातं वितळल्यासारखं दिसत होतं आणि तलवार माझ्या रडण्याचा एकेक हुंदका खोलीभर मोठ्याने सांगत होती. यांनी एक आकडा गाळला नाही की घाईने म्हटला नाही. साठ झाले तशी मी हात खाली घेतला.

"आता?" मी नाक पुसत म्हटलं. "बोर्ड परत पाठवायचा?"

हे उठले. माझ्या हातातून तलवार घेतली, बंद केली, खोक्यात घातली आणि वर 'पास'ची चिठ्ठी लावली. वाकडी लागली, तरी तशीच ठेवली.

"बोर्डाला काही झालेलं नाही," हे म्हणाले. "धरणारी रडत होती."